चार वापिटी ते हंटर : एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी

सुब्रतो कप हे नाव आपल्या शाळेत सगळ्यांना माहीत आहे. पावसाळा सुरू झाला की फुटबॉल टीमची निवड होते, निवड झालेली मुले गेम्सच्या वेळेनंतरही मैदानावर थांबतात आणि मेसमध्ये त्यांना जास्तीचे दूध मिळते. पण सुब्रतो कोण, असे ज्युनियर ब्लॉकमध्ये विचारले तर बहुतेक मुले जुना कोणीतरी फुटबॉलपटू असे सांगतात. सुब्रतो मुखर्जी फुटबॉलचे मोठे शौकीन होते, मोहन बागानचे चाहते होते आणि देशभरातल्या शाळांची एक स्पर्धा व्हावी ही कल्पनाही त्यांचीच. मात्र ते होते वैमानिक. भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख.

मी त्यांच्यावर लिहितो आहे म्हटल्यावर आमच्या हाऊसमधल्या एका मित्राने विचारले, की मराठी पानावर बंगाली माणूस कशाला? त्याचे उत्तर लेखात पुढे येईल. माझे स्वतःचे कारण वेगळे आहे. माझे गाव नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यात आहे. आमच्याच तालुक्यातल्या ओझरच्या कारखान्यात मिग-२१ विमाने तयार होत असत. सप्टेंबर २०२५ मध्ये चंदीगडला मिग-२१ निवृत्त झाले, तेव्हा आपल्या लायब्ररीतल्या प्रत्येक वर्तमानपत्रात एकच विषय होता : जुनी विमाने गेली, नवी पुरेशी आली नाहीत, ४२ स्क्वाड्रन हव्यात तिथे २९ उरल्या. हे वाचताना मला प्रश्न पडला की असे आधी कधी झाले होते का? शोधत गेलो तर कळले की आपल्या हवाई दलाची सुरुवातच जुन्या विमानांनी झाली आहे आणि ती सगळी बदलण्याचे काम ज्यांच्या वाट्याला आले, ते हेच सुब्रतो कपचे सुब्रतो.

त्यांचा जन्म ५ मार्च १९११ चा, कोलकात्यातला. चार भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडील सतीशचंद्र मुखर्जी आय.सी.एस. अधिकारी. आई चारुलता समाजकार्य करणाऱ्या. आईचे वडील डॉ. प्रसन्नकुमार रॉय हे प्रेसिडेन्सी कॉलेजचे पहिले भारतीय प्राचार्य आणि आजी सरला रॉय यांनी कोलकात्यात मुलींसाठी शाळा काढली, तिला आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचे नाव दिले. ती शाळा आजही आहे. मोठी बहीण रेणुका गांधीजींच्या चळवळीत गेली आणि पुढे रेणुका रे या नावाने संविधान सभेची सदस्य झाली. एका घरात बहीण गांधीजींबरोबर आणि भाऊ इंग्रजांच्या गणवेशात, हे आज आपल्याला विचित्र वाटते. पण त्या काळच्या कितीतरी घरांत असे होते. आणि लढायला शिकायचे तर ते शिकवणारी दुसरी जागाच देशात नव्हती.

उडण्याचे वेड त्यांच्या आईच्या माहेराकडून आले असावे. त्या नात्यातले इंद्रलाल रॉय पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या हवाई दलात फायटर पायलट होते. जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत त्यांच्या नावावर दहा विजय लागले आणि २२ जुलैला ते स्वतः पडले. वय १९. म्हणजे आपल्या बारावीच्या कॅडेटपेक्षा दोन वर्षांनी मोठे. सुब्रतो तेव्हा सात वर्षांचे होते. असा मामा घरात असला की मुलगा काय स्वप्न बघणार हे सांगायला नको.

तरी त्या वेळी भारतीय मुलाला वैमानिक अधिकारी होण्याची वाट बंदच होती. स्कीन समितीने १९२७ मध्ये सांगितले की भारतीय मुलांनाही इंग्लंडमधल्या क्रॅनवेल इथे हवाई प्रशिक्षणासाठी पाठवावे. मग सहा जण निवडले गेले. सुब्रतो तेव्हा इंग्लंडमध्ये केंब्रिजला शिकत होते. ते परीक्षा पास झाले आणि क्रॅनवेलला दाखल झाले. बाकीचे पाच म्हणजे हरिश्चंद्र सरकार, भूपेंद्र सिंग, अमरजित सिंग, ऐजाद बक्श अवान आणि टंडन. यांतले टंडन उंचीला कमी पडले, म्हणून त्यांना वैमानिक न करता सामानसुमानाच्या शाखेत घेतले. मला टंडन यांच्याविषयी फार थोडे वाचायला मिळाले आणि त्याचे वाईट वाटले. मला नववीपासून चष्मा आहे. एन.डी.ए.च्या मेडिकलमध्ये फायटर पायलटसाठी डोळे कसे लागतात हे मला पाठ आहे, त्यामुळे ज्यांना उडता आले नाही आणि तरीही जे हवाई दलात राहिले, त्यांच्याकडे माझे लक्ष आपोआप जाते.

८ ऑक्टोबर १९३२ ला भारतीय हवाई दलाचा कायदा लागू झाला. म्हणून आपण आजही त्या तारखेला एअर फोर्स डे साजरा करतो. १ एप्रिल १९३३ ला कराचीजवळच्या ड्रिग रोड इथे पहिली स्क्वाड्रन उभी राहिली. तिची एकूण ताकद अशी : सहा अधिकारी, १९ हवाई सिपाही आणि चार वापिटी विमाने.

या वापिटीविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. वेस्टलँड कंपनीचे हे दोन पंखांचे, उघड्या कॉकपिटचे विमान. वैमानिक पुढे, गनर मागे, दोघांच्याही डोक्यावर फक्त आकाश. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांकडे डी.एच.९-ए नावाच्या विमानांचे सुटे भाग ढिगाने पडून होते. नवीन विमान असे बनवा की त्यात हे जुने भाग जास्तीत जास्त खपतील, अशी अटच सरकारने घातली होती. म्हणजे वापिटी नवी होती तेव्हाच अर्धी जुनी होती! तिचा जास्तीत जास्त वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्याही आत, म्हणजे आजची वंदे भारत रेल्वे तिच्या जवळपास येईल. रॉयल एअर फोर्सने वापरलेली अशी चार विमाने नव्या भारतीय हवाई दलाला मिळाली. गरजेपुरते द्यायचे आणि तेही वापरलेले द्यायचे, ही पद्धत तिथून सुरू झाली.

पहिल्याच वर्षी भूपेंद्र सिंग आणि अमरजित सिंग अपघातात गेले. पुढे सरकारही एका अपघातानंतर दलातून बाहेर पडले. क्रॅनवेलहून आलेल्या पाच वैमानिकांपैकी तीन काही वर्षांत कमी झाले आणि यांतला एकही शत्रूच्या गोळीने नाही. मुखर्जींनी पुढे आयुष्यभर विमानांच्या कागदांवर सह्या केल्या, तेव्हा ही तीन नावे त्यांच्या डोळ्यांसमोर येत असतील का, हे मला कुठे लिहिलेले सापडले नाही. माझ्या समोर मात्र ती येतात.

मग वायव्य सरहद्द आली. वझिरीस्तानचे डोंगर, मिरानशाहचा किल्ला आणि खाली बंदुका घेतलेले टोळीवाले. तिथे उडणाऱ्या वैमानिकांच्या खिशात स्थानिक भाषेत लिहिलेला कागद असे : या माणसाला जिवंत परत आणाल तर बक्षीस मिळेल. इंजिन बंद पडले तर दरीत उतरायचे आणि त्या कागदावर भरवसा ठेवायचा. वापिटीचे काम म्हणजे खालच्या फौजेवर नजर ठेवणे, निरोप टाकणे, गरज पडली तर बॉम्ब टाकणे आणि मशिनगन चालवणे.

तिथला मुखर्जींचा एक प्रसंग हवाई दलात अजून सांगितला जातो. आपल्या सैनिकांचे एक ठाणे टोळीवाल्यांनी वेढले होते. वरून मुखर्जींच्या लक्षात आले की खालच्यांच्या गोळ्या संपत आल्या आहेत. त्यांच्याकडे रसद टाकायचे काहीच साधन नव्हते. त्यांनी गनरला मागच्या लुईस गनच्या ड्रममधली काडतुसे बाहेर काढायला लावली, ती पायातल्या लांब मोज्यांत भरली आणि विमान अगदी खाली आणून ते मोजे ठाण्यात टाकले. खालच्यांना पुरेल इतका दारूगोळा मिळाला आणि ते तग धरून राहिले. या गोष्टीत मला सर्वांत मोठी वाटते ती एक बाब, जी सांगताना लोक पटकन पुढे जातात. काडतुसे खाली टाकल्यावर परतीच्या वाटेवर वापिटीच्या मागच्या बंदुकीत काय उरले असेल? तसल्या मंद विमानात, टोळीवाल्यांच्या डोक्यावरून, तितक्या खालून.

१९३९ हे त्यांच्यासाठी मोठे वर्ष ठरले. मार्चमध्ये ते पहिल्या स्क्वाड्रनचे प्रमुख झाले. स्क्वाड्रनचे नेतृत्व करणारे ते पहिलेच भारतीय. त्याच वर्षी त्यांचे लग्न झाले, शारदा पंडित यांच्याशी. माझ्या मित्राच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. शारदाबाई मराठी घरातल्या. जन्म राजकोटचा, शिक्षण मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात आणि नंतर कायद्याचे. विजयालक्ष्मी पंडित यांचे पती रणजित पंडित हे त्यांचे काका. बंगाली नवरा आणि मराठी बायको, संसार सरहद्दीवरच्या छावण्यांमध्ये. आपल्यापैकी ज्यांचे वडील फौजेत आहेत त्यांना हे घर डोळ्यांसमोर आणता येईल : दर दोन-तीन वर्षांनी ट्रंका भरायच्या आणि पुन्हा उघडायच्या.

महायुद्धाच्या काळात मुखर्जी क्वेट्ट्याच्या स्टाफ कॉलेजला गेले आणि १९४३ मध्ये कोहाटच्या विमानतळाचे प्रमुख झाले. असे पद मिळालेलेही ते पहिले भारतीय. त्यानंतर हवाई मुख्यालयात वैमानिकांच्या प्रशिक्षणाचे काम. दुसऱ्या महायुद्धात भारतीय वैमानिकांनी ब्रह्मदेशात मोठी कामगिरी केली. मुखर्जी स्वतः त्या आघाडीवर लढले नाहीत. काही जण त्यांना यामुळे कमी लेखत असतील. मला वाटते की वैमानिक घडवणे आणि तळ चालवणे या दोन्ही गोष्टी शिकलेला माणूसच पुढच्या कामाला हवा होता.

ते काम १९४७ मध्ये समोर आले. फाळणीत हवाई दलाचेही दोन भाग झाले. विमाने वाटली, माणसे वाटली, हत्यारे वाटली. ज्या ड्रिग रोडवर पहिली स्क्वाड्रन जन्मली आणि ज्या कोहाटचे ते प्रमुख होते, ती दोन्ही ठिकाणे दुसऱ्या देशात गेली. दोन महिन्यांत काश्मीरचे युद्ध सुरू झाले. आपल्याकडे होती स्पिटफायर आणि टेम्पेस्ट, म्हणजे महायुद्धातली पंख्याची विमाने, आणि डाकोटा. मुखर्जी तेव्हा उपप्रमुख होते. प्रमुख अजून इंग्रज होते, एकामागून एक तीन.

बॉम्बफेकी विमाने तर नव्हतीच. तेव्हा जे केले गेले ते वाचून मला फार मजा वाटली. युद्ध संपल्यावर कानपूरजवळ लिबरेटर विमाने भंगार म्हणून टाकून दिलेली होती, कोणी वापरू नयेत म्हणून मुद्दाम मोडून. बंगलोरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्या भंगारातून निवडून निवडून, एकाचा पंख दुसऱ्याला लावत, चाळीसच्या वर विमाने उडण्याजोगी केली. ती तशीच उडवत बंगलोरला नेली आणि तिथे नीट दुरुस्त केली. नोव्हेंबर १९४८ मध्ये त्यांची स्क्वाड्रन उभी राहिली आणि ती विमाने पुढे वीस वर्षे चालली! आमच्या गावातले ट्रॅक्टर मेकॅनिक हेच करतात, पण चार इंजिनांच्या विमानाबद्दल असे कोणी केले असेल यावर मी दोन पुस्तकांत बघितल्यावरच विश्वास ठेवला.

त्याच नोव्हेंबरमध्ये पहिली व्हॅम्पायर जेट आली. पुढे ती बंगलोरला तयारही होऊ लागली. आपल्याकडे जेट आली, म्हणून सगळे खूश. मात्र व्हॅम्पायरचा पुढचा भाग लाकडी प्लायवूडचा होता आणि पंख सरळ होते. जगात तोवर मागे झुकलेल्या पंखांची विमाने आली होती. वेग ध्वनीच्या जवळ गेला की हवा सरळ पंखासमोर जणू घट्ट होते आणि विमान थरथरू लागते. पंख मागे झुकवले की हा त्रास उशिरा सुरू होतो. म्हणून त्या एका बदलाने एका रात्रीत जुनी विमाने आणखी जुनी झाली.

१ एप्रिल १९५४ ला, म्हणजे चार वापिटी आल्या त्याच तारखेला २१ वर्षांनी, एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी हवाई दलाचे प्रमुख झाले. वय ४३. भूदलाला भारतीय प्रमुख १९४९ मध्येच मिळाला होता, नौदलाला तो १९५८ मध्ये मिळाला. (हवाई दल प्रमुखाचा हुद्दा तेव्हा एअर मार्शलचाच असे, एअर चीफ मार्शल नंतर आला.)

खुर्चीत बसल्यावर दोन महिन्यांच्या आत मोठी बातमी आली. मे १९५४ मध्ये पाकिस्तान आणि अमेरिका यांच्यात लष्करी मदतीचा करार झाला. त्यातून पुढच्या काही वर्षांत पाकिस्तानला शंभरावर एफ-८६ सेबर विमाने मिळाली, झुकलेल्या पंखांची, कोरियाच्या युद्धात नाव कमावलेली. तीही मदत म्हणून. आपण कोणत्याच गटात नव्हतो, त्यामुळे आपल्याला प्रत्येक विमान पैसे मोजून घ्यावे लागणार होते. आणि देश तेव्हा भाक्रा-नांगल बांधत होता, पोलादाचे कारखाने उभारत होता. १९५७ मध्ये परकीय चलनाची इतकी टंचाई झाली की बाहेरून काहीही आणायचे तर दहादा विचार करावा लागे.

इथे दोन्ही बाजूंनी विचार केला तर खरेच अवघड होते. एका विमानाच्या पैशात किती शाळा झाल्या असत्या, हा प्रश्न तेव्हाही विचारला जात होता आणि तो चुकीचा नव्हता. दुसरीकडे, सरळ पंखांच्या व्हॅम्पायरमधून वैमानिकाला सेबरसमोर पाठवायचे म्हणजे काय, हे पंतप्रधानांना समजावून सांगणे प्रमुखाचेच काम होते. मुखर्जींचा स्वभाव शांत होता. आवाज चढवून काम करून घेणाऱ्यांतले ते नव्हते. सहा वर्षांत जे झाले ते बघता, त्यांना आपले म्हणणे पटवून देता येत असले पाहिजे.

त्या सहा वर्षांत काय काय झाले ते बघा. फ्रान्सची उरागाँ विमाने, ज्यांना आपण तुफानी म्हटले, त्यांचा करार आधीच झाला होता. ती १९५३ च्या ऑक्टोबरपासून येऊ लागली आणि एकूण १०४ आली. पण तुफानीचे पंखही जवळजवळ सरळच. मग त्याच दासो कंपनीचे मिस्तेर घेतले, शंभराहून अधिक. झुकलेल्या पंखांचे आपले पहिले लढाऊ विमान हे, १९५७ मध्ये आले. राफेलही दासोचेच, म्हणजे हे नाते सत्तर वर्षे जुने आहे. नंतर ब्रिटनकडून १६० हंटर. हंटर सेबरच्या तोडीचे होते आणि दिसायलाही सुंदर. आमच्या प्रेप रूममध्ये विमानांच्या चित्रांवरून वाद होतात, त्यात मी नेहमी हंटरच्या बाजूने असतो.

बॉम्बफेकी विमानांची गोष्ट आणखी वेगळी. सोव्हिएत संघाची इल्यूशिन-२८ घ्यायची का, असा विचार १९५५-५६ च्या सुमारास सुरू झाला. हे कळल्यावर ब्रिटन हलले, कारण रशियन विमाने एकदा भारतात शिरली की इंग्लिश कंपन्यांचे काय? त्यांनी कॅनबेरा देऊ केले आणि जानेवारी १९५७ मध्ये करार झाला. दोन दुकानदार समोरासमोर असले की गिऱ्हाइकाचा फायदा होतो, हे घासाघीस करणाऱ्या आपल्या आयांना पुस्तक न वाचता माहीत असते.

आणि नॅट. मला वाटते हा त्यांच्या काळातला सर्वांत धाडसी निर्णय. नॅट म्हणजे चिलट. नावाप्रमाणेच इवलेसे, लांबी नऊ मीटरही नाही. ब्रिटनच्या स्वतःच्या हवाई दलाने ते लढाऊ विमान म्हणून घेतले नाही, फक्त शिकाऊ वैमानिकांसाठी त्याचा दोन सीटचा प्रकार घेतला. आपण १९५६ मध्ये ते लढाईसाठी घेतले आणि नुसते विकत नाही तर बंगलोरला स्वतः बनवण्याच्या परवान्यासह. त्याचे ऑर्फियस इंजिनही इथेच बनवायचे. स्वस्त, हलके, आपल्या कारखान्याला जमेल असे. ज्याचे विमान त्यानेच नाकारले ते आपण घेतले, म्हणजे फसण्याची शक्यता भरपूर होती. पहिल्या काही वर्षांत नॅटने त्रासही पुष्कळ दिला. त्याचे हायड्रॉलिक बिघडे, तोफा अडकत.

त्याच वर्षी जर्मन अभियंता कुर्ट टँक आपल्या लोकांना घेऊन बंगलोरला आला आणि आपल्या स्वतःच्या लढाऊ विमानाचे, मरुतचे काम सुरू झाले. विकत घेणे, परवान्याने बनवणे आणि स्वतः रचणे या तिन्ही वाटा एकाच वेळी चालू होत्या. यावर टीका करता येते. पाच-सहा जातींची विमाने म्हणजे पाच-सहा प्रकारचे सुटे भाग, वेगवेगळी हत्यारे, फ्रेंच मापे एकीकडे आणि इंग्लिश मापे दुसरीकडे. पाना कोणता लावायचा इथपासून प्रश्न. पण सगळे एकाच देशाकडून घेतले असते तर त्या देशाने नळ बंद केल्यावर आपण काय केले असते? मला त्यांची निवड बरोबर वाटते.

नवे विमान आले म्हणजे दल नवे झाले असे नसते, हे मला हा लेख लिहिताना समजले. पंख्याच्या विमानावर शिकलेल्या वैमानिकाला जेट पुन्हा शिकावे लागते. धावपट्टी लांब हवी. डाकोटाचे इंजिन खोलणाऱ्या माणसाला जेट इंजिन खोलायला शिकवावे लागते आणि त्याला वेळ लागतो. १९३३ मध्ये १९ हवाई सिपाही होते, आता असे हजारो लोक घडवायचे होते. टंडन यांच्यासारख्या लोकांचे दिवस आता आले होते.

नोव्हेंबर १९६० मध्ये मुखर्जी टोकियोला गेले होते. ८ तारखेला ते एका नौदलातल्या मित्राबरोबर जेवायला बसले. जेवताना घास श्वासनलिकेत अडकला आणि डॉक्टर येईपर्यंत ते गेले होते. वय ४९. वझिरीस्तानच्या गोळ्या, वापिटीची इंजिने, सरहद्दीचे डोंगर या सगळ्यांतून सुटलेला माणूस. मी हे वाचले तेव्हा ते पान उलटून पुन्हा मागे आलो, काहीतरी सुटले असेल म्हणून. सुटले काही नव्हते. त्यांचे पार्थिव दिल्लीला पालमला आणले आणि पूर्ण लष्करी इतमामात अंत्यसंस्कार झाले. वरून ४९ विमाने गेली, त्यांच्या आयुष्याच्या प्रत्येक वर्षाला एक.

त्यांनी आणलेल्या एकाही नव्या विमानाची मोठी लढाई त्यांनी पाहिली नाही. मरुतचे पहिले उड्डाण जून १९६१ मध्ये झाले, सात महिने उशिरा. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या वेळी पुण्याहून उडालेल्या कॅनबेरांनी दाबोळीची धावपट्टी फोडली आणि बेळगावजवळच्या सांबऱ्याहून उडालेल्या हंटरांनी बांबोळीचे वायरलेस केंद्र. १९६५ मध्ये नॅटने सेबर पाडून सगळ्यांना चकित केले. मिस्तेरने सरगोध्यावर हल्ला केला आणि त्या हल्ल्यात स्क्वाड्रन लीडर देवय्या यांनी, आपल्यापेक्षा दुप्पट वेगाच्या स्टारफायटरशी झुंज घेऊन तो पाडला. ते परत आले नाहीत. त्यांना महावीर चक्र मिळायला १९८८ साल उजाडले. १९७१ मध्ये लोंगेवालाला हंटर होते.

पण एक तारीख अशीही आहे. १ सप्टेंबर १९६५, छांब. संध्याकाळी घाईघाईने व्हॅम्पायर पाठवावी लागली, कारण जवळ तीच होती. चार गमावली. त्यानंतर व्हॅम्पायर आघाडीवरून काढून घेतली. म्हणजे सहा वर्षे इतके करूनही जुने विमान पूर्ण संपले नव्हते आणि एका संध्याकाळी त्याची किंमत मोजावी लागली. मुखर्जींना ही भीती १९५४ पासून असावी असे मला वाटते.

शारदाबाईंविषयी एवढे सांगायचे राहिले. पती गेल्यानंतर दोन वर्षांनी, १९६२ मध्ये, त्यांनी रत्नागिरीतून लोकसभेची निवडणूक लढवली आणि जिंकली. १९६७ मध्ये पुन्हा जिंकली. पुढे त्या आंध्र प्रदेशच्या आणि नंतर गुजरातच्या राज्यपाल झाल्या. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी मे महिन्यात आग्र्याला शेवटची कॅनबेरा निवृत्त झाली. दलात पन्नास वर्षे काढून तीही तोवर म्हातारी झाली होती, आणि तिच्या कराराच्या वेळी प्रमुख असलेल्या माणसाला जाऊन सेहेचाळीस वर्षे उलटली होती.